ओळख देणाऱ्याची सही

बँकेत खाते उघडण्याच्या जुन्या अर्जावर एक रकाना असे: 'ओळख देणाऱ्याची सही'. आता आधार आणि पॅन यांनी तो रकाना निकालात काढला आहे. पण मी नोकरीला लागलो तेव्हा त्या सहीवाचून कुणाचे खाते उघडत नसे. माणूस समोर उभा आहे, स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे, हातात रेशनकार्ड आहे. तरीही बँक म्हणे, तुम्हांला ओळखणारा आमचा एखादा जुना खातेदार घेऊन या. तरुणपणी मला हा प्रकार माणसाचा अपमान वाटे. निवृत्तीनंतर वरठीला रुळांच्या कडेने, धुऱ्यांवरून, गवतात वाकून चालू लागलो तेव्हा त्या रकान्याची थोरवी कळू लागली. झाडाला नाव असते, पण ते स्वतः सांगत नाही. ते सांगायला कुणीतरी दुसरा लागतो, आणि त्या दुसऱ्याला ते सांगितलेले असते कुणा तिसऱ्याने.

वरठी म्हणजे बाहेरच्यांच्या लेखी 'भंडारा रोड'. मुंबई-हावडा मार्गावरच्या प्रवाशाला स्टेशनच्या पाटीवर तेच नाव दिसते. गावाच्या एका अंगाला पोलादाचा कारखाना, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, आणि मधून १८८०च्या दशकापासून धावणारी रेल्वे. अशा जागी कोणी वनस्पती पाहायला जाईल, असे कुणाला वाटत नाही. रानफुले पाहायची तर कासला जावे, रान पाहायचे तर नागझिऱ्याला, हा आपला सर्वसाधारण समज. पण रूळ नुसती माणसे आणि माल आणत नाहीत, बियाही आणतात. स्टेशनाबाहेर पडून शंभर पावले चालले की एकदांडी, घाणेरी, पिवळा धोतरा, रानतुळस आणि बेशरम ही पाच मंडळी भेटतात, आणि या पाचही जणांचे मूळ गाव अमेरिका खंडात आहे. रानतुळशीला आपण 'तुळस' म्हणून घरात घेतले, बेशरमला नावातच शिवी देऊन बाहेर ठेवले. पण दोघीही परदेशीच. सहावे गाजर गवत. त्याची १९५५ साली पुण्यात नोंद झाली, आणि आता ते नाही असा रस्ता महाराष्ट्रात दाखवणे कठीण आहे. आपल्या दाराशी कोण उभा आहे याची आपल्याला अशी ही कल्पना!

मला तर मुळीच नव्हती. मी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत झाडे होती, पण ती नेपथ्यासारखी. माझ्या दुसऱ्या कादंबरीत नायिका माघ पौर्णिमेच्या रात्री फुललेल्या बहाव्याखाली उभी राहते. समीक्षकांनी त्या प्रसंगाच्या काव्यात्मतेची तारीफ केली. पुढे एका वाचक बाईंचे पोस्टकार्ड आले: बहावा चैत्र-वैशाखात फुलतो, तेव्हा आपल्या नायिकेला आणखी दोन-अडीच महिने थांबवायला हवे होते. त्या कार्डाने मला जेवढे शिकवले तेवढे एकाही परीक्षणाने शिकवले नाही. लेजरमध्ये एक पैसा चुकला तर रात्री नऊपर्यंत बसून शोधणारा मी, आणि इथे एक अख्खा वृक्ष चुकीच्या महिन्यात जमा करून मोकळा झालो होतो.

निवृत्तीनंतर चार-पाच जणांची मंडळी आपोआप जमली. एक रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब, एक विज्ञानाचे गुरुजी, महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा, मी, आणि आठवडी बाजारात रानभाज्या विकणाऱ्या एक आजी. आजी सुरुवातीला आमच्यात नव्हत्या. आम्ही रविवारी सकाळी गवतात डोके खुपसून काय शोधतो, याची त्यांना चौकशी होती. शोधणारे पोलीस असावेत, असे त्यांना प्रथम वाटले होते. आम्ही झाडांची नावे शोधतो, हे कळल्यावर त्या इतक्या हसल्या की टोपली खाली ठेवावी लागली.

त्या हसण्याचा अर्थ मला त्याच पावसाळ्यात कळला. गार्डसाहेबांच्या नातवाला कावीळ झाली. डॉक्टरांचे औषध चालूच होते. पण आपल्याकडे काविळीत भुईआवळी द्यायची पद्धत आहे. त्या वेळेपर्यंत मी दोन पुस्तके वाचलेली, एक भिंग विकत घेतलेले. मी मोठ्या आत्मविश्वासाने रुळांकडेची मूठभर रोपे उपटली. बारीक पाने, दोन ओळींत लागलेली. लहानसे फळ, त्याला तीन कप्पे. सगळे पुस्तकातल्यासारखे. वाटेत आजी भेटल्या. त्यांनी माझ्या हातातले एक रोप घेतले, डहाळी मोडली आणि मोडलेले टोक माझ्या नाकासमोर धरले. टोकावर पांढरा थेंब आला होता.

"हे भुईआवरी नाई जी सायेब. याले दूध आहे. भुईआवरीले दूध नाई राहत."

ती दुधीच्या कुळातली कुठली तरी जात होती. तिचा चीक अंगाला लागला तरी चुरचुरतो. पोटात गेल्यावर त्या मुलाला काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो. मग त्यांनी धुऱ्यावरून खरी भुईआवळी आणून शेजारी ठेवली. दोन्ही रोपे समोरासमोर ठेवली तेव्हा फरक दिसू लागले. दुधीची पाने देठावर समोरासमोर, भुईआवळीची एकाआड एक. भुईआवळीची फळे पानांच्या खाली ओळीने टांगलेली, जणू पानांच्या पोटाखाली लपवलेली. म्हणून तर ती 'आवळी'. हे सगळे माझ्या पुस्तकात छापलेले होते. मी वाचलेही होते. पण वाचणे आणि डहाळी मोडणे यांत अंतर असते, आणि ते अंतर दुसऱ्या माणसावाचून ओलांडता येत नाही.

गंमत अशी की, आजींची खूण आणि शास्त्राची खूण एकच होती. हा अनुभव पुढे वारंवार आला. रोवणीनंतर धानाच्या बांधीत निंदायला बसलेल्या बाया पाहा. धानाच्या रोपाशेजारी सावा गवत उगवते, आणि लहानपणी ते हुबेहूब धानासारखे दिसते. माझ्यासारख्याने निंदण केले तर मालकाचे धान जाईल आणि सावा राहील. त्या बायांचा हात मात्र चुकत नाही. पान जिथे खोडाला बिलगते, तिथे धानाला एक पातळ, पारदर्शक जिभली असते. सावा गवताला ती नसते. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत या दोन गवतांची ओळख पटवायला हीच खूण दिलेली आहे. फरक एवढाच की, ग्रंथकाराच्या नावावर ग्रंथ आहे, आणि गुडघाभर चिखलात वाकलेल्या त्या बाईच्या नावावर दिवसाची मजुरी.

आता कुणी विचारील, ओळख एवढी गावातच आहे तर लॅटिन नावांचा खटाटोप कशाला? त्याचेही कारण आहे. गावातले नाव गावापुरते खरे असते. आमच्याकडचा तरोटा पुण्याकडे गेला की टाकळा होतो. आमचे काटवल तिकडे करटोली होते. त्यात आमची झाडीबोली 'ळ' उच्चारत नाही, त्याचा 'र' करते. पळसाचा 'परस', आवळ्याचा 'आवरा'. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास केला, तिच्यासाठी साहित्याची चळवळ उभी केली, तेव्हा कुठे तिला बाहेर मान मिळाला. पण ग्रंथाच्या सूचीत 'भुईआवरी' शोधणाऱ्याला अजूनही काही सापडत नाही, आणि मग तो समजतो की आपले झाड पुस्तकात नाही, किंवा आपले नाव अडाणी आहे.

याच्या उलटही होते. एक झाड अनेक नावांनी वावरते, तसे एका नावाखाली अनेक झाडे वावरतात. ब्राह्मी म्हणून कुणी जलब्राह्मी देतो, कुणी मंडूकपर्णी. दोन्हींची कुळे वेगळी. शंखपुष्पी या एका नावावर देशाच्या वेगवेगळ्या भागांत तीन-चार निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. पुनर्नवेच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वेल येते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एका नावावर चार खाती, आणि चौघांच्याही सह्या चालतात! आणि गोंधळ नुसता औषधांपुरता राहत नाही. आमच्या रुळांकडेच्या पिवळ्या धोतऱ्याचे बी मोहरीसारखे दिसते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात ते तेल आले आणि साठाहून अधिक माणसे दगावली. झाडाची ओळख हा निवृत्तांचा शौक आहे, असे समजणाऱ्यांनी एवढे एकच साल लक्षात ठेवावे.

म्हणून १७५३ साली लिनियस नावाच्या स्वीडिश पंडिताने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे एक नाव देण्याची पद्धत रूढ केली, ती सोयीची ठरली. मात्र ही व्यवस्था एकट्या पंडिताच्या अभ्यासिकेत जन्मली, असे समजू नये. लिनियस भारतात कधीच आला नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कित्येक वनस्पती त्याला कळल्या त्या 'होर्तुस मलबारिकुस' या ग्रंथाच्या चित्रांवरून. १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेलेला हा ग्रंथ कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने तयार करवला. पण त्यातल्या वनस्पती ओळखल्या कुणी? इट्टी अच्युतन नावाच्या मलयाळी वैद्याने, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. त्या तिघांनी १६७५ साली आपल्या कोकणी भाषेत, नागरी लिपीत एक प्रमाणपत्र लिहून दिले, आणि व्हान ऱ्हेडेने ते ग्रंथात जसेच्या तसे छापले. ओळख देणाऱ्याची सही! साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या दर्यावर्दी अधिकाऱ्याला जे सुचले, ते पुढे कितीकांना सुचले नाही. त्यानंतरच्या शेकडो ग्रंथांत स्थानिक नावे आहेत, पण ती ज्यांनी सांगितली त्यांची नावे नाहीत.

आपल्या इलाख्याची कथाही ऐकण्याजोगी आहे. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा प्रमाण मानला जाणारा ग्रंथ थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात पुरा केला. हा कुक मूळचा इंजिनिअर. वसईचा रेल्वेपूल बांधायला तो भारतात आला, पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य झाला, आणि वनस्पतींच्या नादी लागला. रेल्वेच्या माणसाने हा ग्रंथ लिहिला, याचा आमच्या गार्डसाहेबांना विलक्षण अभिमान. पण त्याच ग्रंथाने आमची निराशाही केली. भंडारा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांतात होता. त्यामुळे कुकच्या ग्रंथात आमच्या जिल्ह्याला जागा नाही. राज्यपुनर्रचनेत आम्ही महाराष्ट्रात आलो. आमची झाडे मात्र पुस्तकात यायला वेळ लागला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने महाराष्ट्र राज्याच्या वनस्पतींचे खंड काढले ते १९९६, २०००, २००१ साली. त्याआधी एन. आर. उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा १९८६चा ग्रंथ होता. शेजारच्या घराचा नकाशा पाहून आपल्या घरात वावरावे, तसे आम्ही त्यावर काम भागवतो. आणि हौशी माणसाने उगाच न्यूनगंड बाळगू नये, असे सांगणारी उदाहरणे आपल्याकडे आहेत. पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर व्यवसायाने इंजिनिअर. त्यांच्या 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' या २००१च्या पुस्तकाने किती जणांना डोंगरात फुलांपाशी थांबायला शिकवले, त्याची मोजदाद नाही.

झाडीपट्टीत तर ही परंपरा अगदी घरची आहे. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते, तेव्हा नवेगाव भंडारा जिल्ह्यातच होते; गोंदिया वेगळा झाला तो १९९९ साली. २०२५च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. मराठीला त्यांनी पक्ष्यांचे आणि झाडांचे कितीतरी शब्द दिले, असे आपण म्हणतो. ते म्हणत, हे शब्द माझे नव्हेत. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार, आदिवासी वाटाडे, ढिवर, गुराखी यांच्याकडून ते त्यांना मिळाले होते, आणि त्यांनी ते कृतज्ञतेने लिहून ठेवले. अधिकारी असून शिष्य होता येते, हे त्या खाकी वेशातल्या माणसाने दाखवले.

त्याच परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने केलेले काम आमच्या दृष्टीने आणखी मोलाचे आहे. कोहळी समाजाच्या कर्तबगारीतून उभे राहिलेले आमचे मामा तलाव बेशरमने वेढले गेले, मासळी कमी झाली. मनीष राजनकर यांनी पतिराम तुमसरे यांच्यासारख्या ढिवर जाणकारांना सोबत घेतले. पाण्यात बुडून राहणारी, पाण्यावर तरंगणारी, काठाशी उभी राहणारी अशी तलावातली प्रत्येक वनस्पती कोणती, तिच्याखाली कोणता मासा अंडी घालतो, कोणता पक्षी तिथे उतरतो, हे ज्ञान ढिवरांपाशी होते. ते समजून घेऊन तलावाच्या तळात देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्यात आल्या, आणि मासळी परतली. येथे झाडाची ओळख ही हौस राहिली नाही, लोकांच्या ताटातला घास झाली. नुसते 'तण' म्हणून सगळे एकगठ्ठा उपटले असते तर हे झाले नसते.

आता मुद्द्याकडे येतो. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी, असे त्यात आहे. कल्पना अत्यंत चांगली आहे. गावाचे ज्ञान गावाच्या नावावर लिहिले जावे, ते कुणी परस्पर उचलून पेटंट घेऊ नये, हा तिच्यामागचा हेतू. पण वर्षानुवर्षे काम रेंगाळले, आणि शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. मुदत आली की नोंदवहीचे काय होते, हे ज्याने बँकेतला मार्चअखेर पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही. रकाने भरतात, ताळेबंद जुळतो, आणि खरोखर काय शिल्लक आहे हे कुणालाच कळत नाही. आपल्या गावची नोंदवही कधीतरी मागून पाहा. तीत नुसती नावांची यादी आहे, की नाव कुणी सांगितले, झाड कुठे उभे आहे, कोणत्या महिन्यात फुलते आणि त्याचा वाळवलेला नमुना कुठे ठेवला आहे, हेही आहे, एवढेच तपासा.

माझे म्हणणे अगदी साधे आहे. नावाला किंमत येते ती तीन गोष्टी एकत्र आल्यावर: झाडाचा नमुना, ओळख देणाऱ्याचे नाव, आणि शंका असेल तर तिची नोंद. बँकेत प्रत्येक खातेदाराचे 'नमुना सही'चे कार्ड असते. चेक आला की त्यावरची सही त्या कार्डाशी ताडून पाहायची. वनस्पतिशास्त्रात हेच आहे. नवी जात प्रथम नोंदवली जाते तेव्हा तिचा एक वाळवलेला नमुना कायमचा जपून ठेवतात. पुढे वाद झाला तर त्याच्याशी ताडतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लॅटर यांच्या नावाचा असा वनस्पतिसंग्रह आहे, पुण्याला सर्वेक्षण संस्थेचा आहे. गावागावांत तेवढा थाट नको. दोन फळ्या, एक दगड आणि रद्दीची वर्तमानपत्रे पुरतात. फूल-फळासह डहाळी कागदात घालावी, पावसाळ्यात कागद रोज बदलावा, वाळली की जाड कागदावर शिवावी, आणि खाली तारीख, ठिकाण, गावातले नाव, नाव सांगणाऱ्याचे नाव, गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. एका शाळेने वर्षाला पन्नास नमुने केले तरी चार वर्षांत गावाची बरीचशी ओळख पुरी होईल.

तिसरी गोष्ट शंकेची, आणि तीच आपल्याला जड जाते. बँकेत 'सस्पेन्स अकाउंट' नावाचे एक खाते असते. रक्कम आली आहे, पण कुणाच्या खात्यात टाकायची ते कळत नाही, तर ती तिथे ठेवायची, आणि ठरावीक काळाने एकेक नोंद शोधून निकालात काढायची. दडपून कुणाच्याही खात्यात टाकणारा कारकून निलंबित होत असे. आमच्या मंडळीच्या वहीत मी असे एक खाते उघडले आहे. 'अनोळखी' या मथळ्याखाली आज सोळा नोंदी आहेत. त्यातली एक तर तीन वर्षे तशीच आहे. गुरुजी म्हणतात, लिहून टाका काहीतरी. मी लिहीत नाही. 'माहीत नाही' ही प्रामाणिक नोंद आहे. चुकीचे नाव ही अफरातफर आहे.

इथे आमचा महाविद्यालयातला मुलगा खिशातून मोबाइल काढतो. फोटो काढला की मोबाइल दोन क्षणांत नाव सांगतो. मी त्याला नावे ठेवत नाही. आम्हांला त्याचा उपयोग झाला आहे. कुळापर्यंत तो बऱ्याचदा नीट नेऊन सोडतो. पण मोबाइल डहाळी मोडत नाही. त्याला दूध दिसत नाही, वास येत नाही, पान चुरगळून पाहता येत नाही. शिवाय मुख्य गोष्ट अशी की, तो आजींना ओळखत नाही. मोबाइलचे उत्तर हा अर्ज समजावा. ओळख देणाऱ्याची सही त्यावर अजून व्हायची असते.

आणि आता मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे, कारण हा लेख खरे तर तिच्यामुळे लिहिला आहे.

आजींबरोबर आम्ही चार पावसाळे फिरलो. त्या चालता चालता नावे सांगत, मी वहीत उतरवून घेई. कादंबरीकाराचा कान, मला त्या नावांचा नाद आवडे. त्यांचा उच्चार, त्यांच्यामागच्या गोष्टी, कोणते झाड कुणाच्या सासूने दाखवले, कोणती भाजी दुष्काळात खाल्ली, हे सारे मी टिपत गेलो. नमुना घ्यायचे मात्र पुष्कळदा राहून जाई. पाऊस असे, घाई असे, पुढच्या रविवारी घेऊ असे वाटे. झाड कुठे जाणार आहे, आणि आजी तरी कुठे जाणार आहेत!

झाडे कुठे गेली नाहीत. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आजी गेल्या. तेराव्यानंतर मी वही काढून बसलो आणि हिशेब केला. एकंदर नावे एकशे बारा. त्यांतल्या पंचाहत्तर नावांची झाडे आम्हांला ठाऊक आहेत, नमुने आहेत. उरलेली सदतीस नावे नुसती नावे आहेत. ती कोणत्या झाडांची, हे आता वरठीत कुणालाही सांगता येत नाही. त्यांच्या लेकीला विचारले. तिला नऊ-दहा झाडे ठाऊक. नातीला दोन. बँकेत दहा वर्षे कुणी दावा केला नाही की ठेवी वेगळ्या काढून ठेवतात. पासबुक असते, रक्कम असते, वारस नसतो. माझ्याकडे त्याच्या उलट प्रकार झाला आहे. वारस आहेत, पासबुकही आहे; ठेव कोणती ते सांगणारी गेली.

त्या सदतीस नावांखालची झाडे बहुधा मी रोज ओलांडून जातो. त्यांतले एखादे भूक भागवणारे असेल, एखादे जपून खाण्याचे असेल, एखादे नुसतेच देखणे असेल. शास्त्रीय नावे मिळतीलही. नागपूरला, पुण्याला जाणकार आहेत, ग्रंथ आहेत. पण शास्त्रीय नाव मिळाल्यावरही ते झाड आणि आजींनी सांगितलेले नाव यांची गाठ पुन्हा पडणार नाही. गाठ बांधणारा माणूस एकदाच असतो.

मी हे दुःख म्हणून सांगत नाही. तगादा म्हणून सांगतो आहे. तुमच्या गावात, तुमच्या आळीत, कदाचित तुमच्याच घरात अशी एखादी आजी, एखादे आजोबा आहेत. पावसाळ्याचे चार रविवार त्यांच्याबरोबर फिरा. पंचायतीची नोंदवही असेल तर ती घेऊन जा, नसेल तर शाळेची दुरेघी वही चालेल. नाव लिहाल तेव्हा सांगणाऱ्याचेही नाव लिहा. कळले नाही तर 'माहीत नाही' लिहा. आणि डहाळी घेतल्यावाचून पुढे जाऊ नका.

कागदाची अडचण सांगू नका. डहाळी दाबायला गुळगुळीत कागद चालत नाही, ओल शोषणारा वर्तमानपत्राचाच लागतो. ही पुरवणी वाचून झाली की दुपारी ती रद्दीतच जायची आहे. तत्पूर्वी तिच्या घडीत एक तरी रानरोप ठेवा.